आकडा कुठाय?

मे महिना उजाडला की माझ्या फोनवर पालकांचे निरोप यायला लागतात. ‘मॅडम, सुट्टीत घरी करण्यासारखे झटपट प्रयोग सांगा ना. पोरगा सातवीत गेलाय. फार पसारा नको, आणि हातानं काही बनवणंही होईल असं बघा.’ मी पुण्यात सहावी ते आठवीच्या मुलांना विज्ञान शिकवते, तेव्हा हे मलाच विचारलं जाणार. मागणीत गैर काहीच नाही. झटपट हवं, हे तर मला अगदी मान्य आहे. या वयाच्या मुलाला तीन दिवसांचा प्रकल्प दिला की पहिला दिवस मुलाचा, दुसरा आईचा आणि तिसरा बाबांचा असतो.

माझं भांडण आहे ते थर्माकोलच्या ज्वालामुखीशी. डोंगर चिकटवायचा, पोटात खाण्याचा सोडा भरायचा, वरून लाल रंग घातलेलं व्हिनेगर ओतायचं. फसफसतं, व्हिडिओ निघतो, आणि दोन मिनिटांत विज्ञान संपतं. त्यात काय मोजलं, काय बदलून पाहिलं, काय चुकीचं ठरलं? काहीच नाही. सोडा आणि आम्ल एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो, ही गोष्ट खरी आणि चांगली आहे. पण तिचा लाव्हाशी काडीचा संबंध नाही.

माझ्या माहेरच्या, खानदेशातल्या पोरानं तर हा डोंगर मुळीच करू नये, कारण त्याच्या पायाखालीच लाव्हा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर थरांवर थर पसरले, त्यांचाच हा काळा पाषाण, आणि तो झिजून झालेली ही कापसाची काळी माती. तो लाव्हा काही चित्रातल्यासारख्या शंकूच्या डोंगरातून उडाला नाही. जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वर आला आणि पसरत गेला. धुळे-नंदुरबारकडे माळावरून सरळ रेषेत निघालेल्या काळ्या दगडाच्या भिंती दिसतात. त्या कुणी बांधलेल्या नाहीत. भेगेतच थिजून राहिलेला तो लाव्हा आहे; आजूबाजूचा खडक झिजला आणि भिंत उरली. इंग्रजीत त्याला डाइक म्हणतात, भूगोलाच्या पुस्तकात असतं.

मग मॉडेल करायचंच तर असं करावं. जाड पुठ्ठ्याला वीतभर लांबीची चीर पाडायची. कणकेची खळ शिजवायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत भरायची, आणि पुठ्ठ्याखालून त्या चिरेतून दाबत वर काढायची. खळ दोन्ही बाजूंनी पसरते. ती सुकली की दुसऱ्या रंगाची, मग तिसऱ्या. शेवटी पुठ्ठा कापला की थर दिसतात, आणि चिरेत अडकून वाळलेली खळ उभी राहते, तो आपला डाइक. एवढ्यावर थांबलं तर तेही शोभेचंच झालं. म्हणून पुढचा प्रश्न: पातळ खळ किती लांब गेली, घट्ट किती? पट्टी लावा, वहीत लिहा. आपला लाव्हा पातळ होता म्हणून मैलोगणती पसरला, हे मग वाचून पाठ करावं लागत नाही.

सुट्टीतल्या प्रयोगाला माझी अट एवढीच आहे. दहा मिनिटांत होऊ दे, घरातल्या सामानात होऊ दे, देखणा नसला तरी चालेल, पण संपताना मुलाच्या हातात त्यानं स्वतः काढलेला एक तरी आकडा हवा. भाचरं याला वैतागलेली असतात. काहीही दाखवायला आली की मी विचारणार, ‘आकडा कुठाय?’ शेजारच्या काकांना तर यात भलतीच मजा येते. ओट्यावरून जाताना हळूच विचारतात, ‘काय मग, आज काय आकडा आला?’

माझं माहेर अमळनेर तालुक्यात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जमलं तर तेव्हाच, नाहीतर शाळेचे निकाल लागले की मी तिकडे जाते, आणि दोन्ही भावांची पोरं तिथं असतातच. खानदेशातला मे काय असतो हे खानदेशाबाहेरच्यांना सांगून कळत नाही. पारा 44-45 वर गेला की तो बातमीतही येत नाही. सकाळी साडेनऊनंतर गल्ली रिकामी, दारं लोटलेली, कुलरची घरघर. संध्याकाळी सहानंतर पुन्हा माणसं दिसायला लागतात. पोरांच्या वाट्याला येतात ते सकाळचे दोन-तीन तास आणि अंधारापूर्वीचा एक तास. बाकी सगळा वेळ घरात, पडवीत, आजीच्या नजरेखाली. झटपट प्रयोग इथं शिक्षणतज्ज्ञांची शिफारस म्हणून येत नाहीत, उन्हाची सक्ती म्हणून येतात. आणि जे ऊन बाहेर जाऊ देत नाही, तेच सगळ्यांत स्वस्त उपकरण आहे. ते का वाया घालवायचं?

मडक्यांपासून सांगते. आखाजीला आमच्याकडे नवी घागर येते, तिच्याबरोबर कुंभाराकडून लहान मडकीही येतात. पूजा झाली, आमरस झाला, झोके खेळून झाले की ही मडकी कोपऱ्यात पडून राहतात. भाचीनं फोनवर पाहून ठरवलं की मडकी रंगवायची. तिनं दादाच्या खिडक्यांचा उरलेला ऑइलपेंट काढला, एका मडक्यावर निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या वेली काढल्या. खरंच सुंदर काढल्या. दुसऱ्याला धाकट्यानं आईच्या डब्यातला गेरू फासला आणि चुन्याचे ठिपके दिले. ते आपलं बरं होतं, एवढंच. आई भाकरी थापता थापता बघत होती. म्हणाली, ‘मडकाले असा रंग दिधा तं पानी थंड कसं व्हई?’

पोरांना ते पटलं नाही, आणि न पटणं हीच प्रयोगाची सुरुवात. दोन्ही मडकी ओळंब्याच्या दोरीनं मोजून सारख्या उंचीपर्यंत भरली, पडवीत शेजारी शेजारी ठेवली, तोंडावर सारख्या वाट्या झाकल्या. दुपारी चारला थर्मामीटर बुडवला. गेरूच्या मडक्यातलं पाणी 27 अंश, वेलींच्या मडक्यातलं 35. भाची दोन क्षण गप्प. मग तिनं स्वतःच गेरूचं मडकं बाहेरून चाचपलं. ते ओलसर होतं. ऑइलपेंटचं कोरडं ठक्क. मडक्याच्या अंगाला असलेल्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं, वाऱ्यावर उडतं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं. तेलाचा रंग ती छिद्रं बुजवतो. आठवीतल्या भाच्यासाठी थोडं पुढं नेता येतं: 1 ग्रॅम पाण्याची वाफ होताना ते साधारण 2,400 ज्यूल उष्णता उचलतं, आणि तेवढ्यानं लिटरभर पाणी अर्ध्या अंशाहून थोडं जास्तच थंड होतं. मग मडकं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा, दोन तासांनी पुन्हा ठेवा, किती ग्रॅम उडालं पाहा. आकडेमोड आपोआप मागून येते.

थर्मामीटरबद्दल सांगायला हवं. तापाचा वापरू नये. तो 42 ला संपतो, आणि मे महिन्यात आमची पडवी तिथूनच सुरू होते. काचेच्या जुन्या तापाच्या थर्मामीटरात पारा असतो, तो फुटला तर वेगळीच पंचाईत. शाळांना प्रयोगशाळेचं सामान देणाऱ्या दुकानात लाल द्रवाचा, शंभर अंशांच्या पुढचाही दाखवणारा साधा थर्मामीटर मिळतो. दोन घ्यावेत.

दोन अशासाठी, की खानदेशातला माझा सगळ्यांत आवडता प्रयोग दोन थर्मामीटरांचाच आहे. पडवीत सावलीत दोन्ही शेजारी टांगायचे. एकाच्या फुग्याला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळायची आणि तिचं टोक वाटीतल्या पाण्यात सोडायचं. वही टांगलेली ठेवायची. रोज दुपारी चार वाजता दोन्ही वाचायचे, वजाबाकी करायची. पाच मिनिटांचं काम. मेच्या मध्यावर कोरडा 42 दाखवत असताना ओला 22 वर उभा. वीस अंशांचा फरक! एकाच खुंटीवर, वीतभर अंतरावर, वीज नाही, यंत्र नाही. पोरं पहिल्यांदा थर्मामीटर बिघडलाय म्हणतात, आणि अदलाबदल करून पाहतात, तीही माझ्या सांगण्याआधी. मी तिथं बसून नुसती कैऱ्या चिरत असते.

गल्लीतले सगळे कुलर या वीस अंशांवर चालतात. मुंबईकडच्या पाहुण्यांना कुलरचं कौतुक कळत नाही, कारण त्यांच्या हवेत आधीच इतकं बाष्प असतं की हा फरक पाच-सहा अंशांवर येतो. आमच्याकडेही जून लागला, ढग जमायला लागले, की फरक रोज थोडा घसरतो आणि कुलर नुसती दमट हवा फेकतो. म्हणून ही वही सुट्टी संपली तरी बंद करायची नाही असा ठराव झाला.

याच कोरड्या हवेवर खानदेशाचं वर्षभराचं वाळवण चालतं. पापड, कुरडया, शेवया सगळीकडे होतात; पण ज्वारीच्या बिबड्या आमच्याच. ज्वारी भिजवून, भरडून, शिजवून त्याचा घाटा करायचा, त्यात तीळ, लसूण, मिरची. पहाटेपासून बायका गच्चीवर. पोरांचं काम गरम घाटा कच्चं तेल घालून खाणं आणि नंतर चिमण्या हाकलणं. त्यात तिसरं काम मी दिलं. एक बिबडी ताटलीत थापून काट्यावर ठेवायची, दर तासाला वजन घ्यायचं. सकाळी सातला 40 ग्रॅमची बिबडी संध्याकाळपर्यंत 11 ग्रॅमवर आली. आलेखाच्या कागदावर ठिपके जोडले तर रेघ आधी तीव्र उतरते आणि दुपारनंतर जवळजवळ आडवी होते. वरवरचं पाणी भराभर जातं. आतलं पाणी आधी पृष्ठभागापर्यंत यावं लागतं, त्याला वेळ लागतो. पुस्तकात हे शिकवायला माझी एक तासिका जाते. इथं बिबडीनं शिकवलं आणि नंतर ती तळून खाल्ली.

दुसरी बिबडी पत्र्याच्या डब्याच्या आडोशाला ठेवली होती, ऊन तेवढंच पण वारा नाही. ती बराच वेळ ओली राहिली. आईला याचं काहीच नवल नव्हतं. ‘नुसतं ऊन काय कामनं? वारा बी पाह्यजे.’ शाळेत मी बाष्पीभवनावर परिणाम करणारे घटक फळ्यावर ओळीनं लिहून देते. आई ते घटक वर्षानुवर्षं गच्चीच्या कोपऱ्यांत वाटून ठेवते: कुरडया कुठं, पापड कुठं, मिरच्या कुठं.

आता सावलीकडे येते, कारण खानदेशाला मिळालेली ही देणगी दिल्लीच्या मुलाला कधीच मिळत नाही. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असलेल्या भारतातल्या प्रत्येक गावी वर्षातून दोनदा सूर्य भर मध्यान्ही थेट डोक्यावर येतो. जळगाव, अमळनेर, धुळे हा सगळा पट्टा 21 अक्षांशाच्या आगेमागे. तिथं हा दिवस साधारण 25 मेला येतो. नंदुरबार जरा उत्तरेला, तिथं दोनेक दिवस उशिरा. दुसरी वेळ जुलैच्या मध्यानंतर, पण तेव्हा आभाळ दिसलं तर नशीब. म्हणजे खरी संधी मेचीच, आणि नेमकी सुट्टीत.

तयारी काहीच नाही. पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा, गवंड्याचा ओळंबा, पांढरा पुठ्ठा. पाइप ओळंब्याला धरून अगदी सरळ उभा करायचा. डोक्याला रुमाल, पोटात पाणी, आणि उन्हात दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही, ही आईची अट. ती मोडली की प्रयोग रद्द. वेळ मात्र बारा नाही. घड्याळ चालतं 82.5 रेखांशावर, अमळनेर त्याच्या सव्वासात-साडेसात अंश पश्चिमेला, आणि एका अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो. मेच्या शेवटी सूर्य घड्याळाच्या तीनेक मिनिटं पुढे असतो, ती वजा केली की उत्तर येतं 12 वाजून 27 मिनिटं. हे गणित आदल्या रात्री पोरांनीच करायचं. 12.20 ला पाइपच्या पायाशी बारीक काळी चंद्रकोर उरलेली असते. ती आकसत जाते. मग पाइपाच्या आतला तळ लख्ख उजळतो आणि बाहेर सावलीचा मागमूस राहत नाही. धाकटा उड्या मारून स्वतःची सावली शोधत होता. ती त्याच्या चपलांखाली होती. सूर्याकडे किंवा विहिरीच्या पाण्यातल्या त्याच्या प्रतिबिंबाकडे पाहायचं नाही, हे दहा वेळा बजावावं लागतं.

एवढ्यावर थांबलं तर तोही ज्वालामुखीच. म्हणून मी पुण्याला नवऱ्याला कामाला लावलं. पुणं अमळनेरच्या दक्षिणेला, तेव्हा त्या दिवशी तिथं दुपारचा सूर्य डोक्याच्या थोडा उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेकडे पडते. गच्चीवर 1 मीटरची काठी उभी करून 12.31 ला सावली मोजायची. त्यानं मोजली: 4.2 सेंटिमीटर. मग नकाशा घेतला. पुणं आणि अमळनेर यांच्यातलं रस्त्याचं अंतर इथं उपयोगाचं नाही, तिरकं अंतरही नाही. फक्त दक्षिणोत्तर किती, ते नकाशावर दिलेल्या प्रमाणपट्टीनं मोजायचं. ते साधारण 280 किलोमीटर भरतं. एका अंशाला 111 किलोमीटर धरून अक्षांशांच्या फरकाला गुणलं तर लबाडी होईल, कारण 111 हा आकडाच पृथ्वीच्या घेरावरून आलेला आहे. मोठ्या भाच्याला ही लबाडी लगेच कळली, तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला, पण बोलले नाही.

पुढचं गणित सातवीच्या गुणोत्तराचं. सावलीचं काठीशी जे गुणोत्तर, तेच 280 किलोमीटरचं पृथ्वीच्या त्रिज्येशी. 280 ला 100 नं गुणा, 4.2 नं भागा. उत्तर 6,667 किलोमीटर. पुस्तकात 6,371 आहे. तीनशे किलोमीटर चुकलो म्हणून भाची हिरमुसली. मी म्हटलं, एक काठी, एक काका आणि एक नकाशा एवढ्यावर पृथ्वीची त्रिज्या पाच टक्क्यांच्या आत आली, आणखी काय हवंय? चूक कुठून आली तेही सापडतं: सूर्य ठिपका नाही, थाळी आहे, म्हणून सावलीची कड पुसट असते आणि दोन मिलिमीटर इकडचे तिकडे होतातच. आणि हे दोन मिलिमीटर काही थोडेथोडके नाहीत; सावली 4.4 मोजली असती तर उत्तर 6,364 आलं असतं. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानानं सायीन आणि अलेक्झांड्रिया अशी दोन गावं घेऊन हेच केलं होतं; त्याचा कोन वर्तुळाचा पन्नासावा भाग होता, आपला त्याहून बराच लहान, म्हणून आपलं काम जास्त नाजूक.

एराटोस्थेनिस लांबचा वाटत असेल तर भास्कराचार्य जवळचे आहेत. चाळीसगावजवळ पाटणादेवीला सातमाळा डोंगररांगेच्या पायथ्याशी एक शिलालेख आहे, इ.स. 1207 चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी तिथं मठ सुरू केला, त्याची ती नोंद. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी खानदेशात केवळ गणित-ज्योतिष शिकवायला एक संस्था होती. भास्कराचार्यांच्या लीलावतीत सावलीवरच्या गणितांचं स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यात बारा अंगुळांचा शंकू धरून हिशेब मांडलेले आहेत. आमच्या पोरांनी मग मीटरची काठी बाजूला ठेवली आणि आपल्याच बोटांनी बारा अंगुळं मोजून शंकू तासला. धाकट्याची बारा अंगुळं आणि मोठ्याची बारा अंगुळं जुळेनात. पण प्रत्येकानं आपल्याच अंगुळांनी सावली मोजली तर गुणोत्तर सारखंच येतं, हे कळल्यावर दोघं बराच वेळ भिंत, कंदील, खाट, आजी असं जे दिसेल ते मोजत सुटले. आजीनं उंची मोजू दिली. वय विचारलं तर मात्र हाकललं.

पाटणादेवीला पोरांना घेऊन जा. मेमध्ये नको, धबधबे कोरडे आणि दगड तापलेले, श्रावणात जा.

संध्याकाळच्या तासाला पाणी. घर बांधणाऱ्या गवंड्याकडे पारदर्शक पाइप असतो, पाणी भरलेला. दोन टोकं दोन भिंतींना लावून तो पातळी जुळवतो. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळतो. पोरांनी तो अंगणाच्या दोन टोकांना धरला आणि शोधलं की सपाट दिसणारं आमचं अंगण तुळशीकडून गोठ्याकडे 11 सेंटिमीटर उतरतं. मग मधे विटांचा ‘नाला’ केला आणि पाइप त्याच्या खालून नेला. पाणी खाली उतरून पलीकडे आपल्या पातळीला वर आलं. याच युक्तीनं पाटाचं पाणी नदी-नाल्याच्या तळाखालून पलीकडे नेतात. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून लागले, आणि सुरुवातीच्या त्या काळात धुळ्याकडे असताना पांझरेच्या पाटावर पाइपचा सायफन बांधायचं काम त्यांच्या अंगावर आलं होतं. पोरांना अभियंता दिनाचे फोटोतले फेटेवाले विश्वेश्वरय्या माहीत होते. विशीतले, धुळ्याच्या वाळूत उभे राहिलेले माहीत नव्हते. वाळूचं म्हणाल तर पोरांच्या पाइपातही पहिल्याच संध्याकाळी ती अडकली.

पांझरेवर त्याहून जुनी गोष्ट आहे ती फड पद्धतीची. नदीला बंधारा, त्यातून पाट, गावाची शेती फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि पाणी सोडायला पाटकरी. पंप नाही, नुसता उतार. अंगणात चिखलाचे पाट करून चार फड आखले आणि एक बादली पाणी शेवटच्या फडापर्यंत पोचवायचं ठरलं. उतार जास्त दिला की पाट फुटतो, कमी दिला की पाणी मधेच जिरतं. या एकाच खेळात भांडणंही सगळ्यांत जास्त झाली, कारण वरच्या फडाचा मालक धाकटा होता.

काड्यांच्या खेळाचं थोडक्यात सांगते. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे सांध्याला आणि आगकाड्या कडांना, या जोडणीतून त्रिकोण, चौकोन, घनाकृती सगळं उभं राहतं. ही कल्पना विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांची. पुण्यात टेल्कोत (आजच्या टाटा मोटर्समध्ये) असताना 1978 मध्ये ते रजा घेऊन सातपुड्यापलीकडे होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले, तिथं हे सुचलं. काड्यांची गुलं आधी तासून टाकावीत, हे सांगायला नको. चौकोन दाबला की लोळतो, त्रिकोण लोळत नाही, हे हाताला कळलं की पोरांना बाजार समितीच्या शेडच्या छताखालच्या त्रिकोणी कैच्या दिसायला लागतात. आकडा हवा तर काड्यांचा पूल करून त्याला प्लॅस्टिकचा पेला टांगा आणि मोडेपर्यंत तुरीची डाळ घालत राहा. डाळ नंतर निवडून वरणाला लागते.

तापीपलीकडे चोपड्याला मामाकडे गेलो की केळी. घड कापला की ते झाड संपतं, खोड तसंच पडून राहतं. त्याची एकेक सोपटं सोडवायची, पाटावर पसरून स्टीलच्या चमच्याच्या कडेनं गर खरवडून काढायचा. खाली पांढरे चकचकीत धागे राहतात. कपडे जुने घालावेत, केळीचा चीक धुऊन जात नाही. धागे सावलीत वाळवले, सारख्या वजनाच्या दोन जुड्या केल्या, एक तशीच सरळ आणि दुसरी वेणी घातलेली. दोन्हींना बादली टांगली आणि तांब्यातांब्यानं पाणी ओतत गेलो. लिटरचा किलो धरला की वजनाचा हिशेब सोपा. माझा अंदाज वेणीकडे होता, मामाचाही. भाचीनं दोन्ही बादल्यांवर खडूनं खुणा केल्या आणि तिसरी, नुसती पीळ दिलेली जुडीही हवी म्हणून हट्ट धरला. तिघींत वेणी जिंकली, पण पिळाची जुडी फार मागे नव्हती, आणि तिला वेळ अर्धाच लागला होता. मामानं हा दुसरा आकडा जास्त लक्ष देऊन ऐकला. मजुरीचा हिशेब त्याला चमच्यापेक्षा चांगला कळतो.

मी पुण्याला परतल्यापासून भाचा रोज दुपारी दोन थर्मामीटरांचे आकडे पाठवतो. नमस्कार नाही, कशी आहेस नाही, नुसती वजाबाकी. जूनच्या पहिल्या आठवड्यात वीसचे चौदा झाले, परवा नऊ. आईनं सरपण आत घ्यायला लावलंय, तिला वहीची गरज पडली नाही. काल त्यानं विचारलं, पुण्यात किती? म्हणून मीही गॅलरीत दोन टांगले आहेत. आमचा आजचा कोरडा 31, ओला 25.